परस्पर काही ठरू नये म्हणून

तू विचारलंस: "केनेडी आणि रेगन यांची बर्लिनमधली भाषणं सगळ्यांना माहीत असतात. पण युद्धानंतर अमेरिकेच्या आणि जर्मनीच्या नेत्यांचं आपसात प्रत्यक्ष कसं चालायचं? पश्चिम जर्मनी अमेरिकेच्या मुठीत होता, की दोघं खरंच मित्र होते?"

आधी थोडक्यात सांगते. युद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले, पूर्वेचा सोव्हिएतांकडे आणि पश्चिमेचा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांच्याकडे. हा पश्चिम जर्मनी १९५५ पर्यंत मुठीत होता, अगदी कागदोपत्री. पुढे तसं राहिलं नाही, पण बरोबरीचं नातंही झालं नाही. बॉन या पश्चिम जर्मनीच्या राजधानीत बसलेल्या प्रत्येक चॅन्सलरला, म्हणजे सरकारप्रमुखाला, एक धास्ती कायम असायची, की वॉशिंग्टन आणि मॉस्को आपल्या देशाचं काहीतरी परस्पर ठरवून मोकळे होतील. आणि वॉशिंग्टनला उलटी धास्ती, की हे जर्मन एक दिवस मॉस्कोशी परस्पर बोलणी करून बसतील. १९२२ साली रापालो इथे त्यांनी तसं केलंही होतं, आणि ती आठवण पश्चिमेत कोणी विसरलेलं नव्हतं. चाळीस वर्षांचे पत्रव्यवहार, भेटी, मेजवान्या आणि रुसवेफुगवे या दोन धास्त्यांभोवती फिरतात. म्हणून कुठलाही प्रसंग वाचताना मी आधी एवढंच बघते, की कोणी कोणाला कधी कल्पना दिली.

ही सवय मला कामातून लागली. तीसेक वर्षं मी जर्मन-इंग्रजी दुभाषाचं काम करते, बहुतेक कारखान्यांच्या करारांसाठी. बैठकीत आवाज चढले म्हणून बोलणी फिसकटल्याचं मी फार कमी वेळा पाहिलंय. पण एकदा किमतीचा आकडा आदल्या रात्रीच दोन वरिष्ठांनी हॉटेलात ठरवला होता, आणि जर्मन बाजूच्या मुख्य अभियंत्याला तो माझ्या तोंडून, भाषांतरातून कळला. त्याने शांतपणे पेनाला टोपण लावलं, वही मिटली, आणि पुढचे दोन तास तो एक अक्षर बोलला नाही. करार झाला, पण त्या माणसाने नंतर कुठल्याच कामात मनापासून हात घातला नाही. देशांच्या बाबतीत याहून फार वेगळं घडत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

सुरुवात कुठून झाली ते बघ. २१ सप्टेंबर १९४९. बॉनसमोर ऱ्हाइनच्या पलीकडच्या टेकडीवर पीटर्सबर्ग नावाचं हॉटेल, आणि तिथे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स या विजेत्यांच्या उच्चायुक्तांची कचेरी. कोनराड आडेनाउअर, वय ७३, सहाच दिवसांपूर्वी एका मताच्या बहुमतावर चॅन्सलर झालेले. ते आपल्या काही मंत्र्यांना घेऊन तिथे हजेरी लावायला आले. तिन्ही उच्चायुक्त गालिच्यावर उभे राहणार आणि आडेनाउअर यांनी गालिच्याच्या बाहेर थांबायचं, अशी व्यवस्था होती. फ्रान्सचे फ्रांस्वा-पाँसे स्वागतासाठी एक पाऊल पुढे आले, तेवढी संधी साधून म्हातारबुवांनी गालिच्यावर पाय ठेवला. कोणी हरकत घेतली नाही.

अमेरिकेचे उच्चायुक्त होते जॉन मॅक्लॉय. त्यांची पत्नी आणि आडेनाउअर यांची दिवंगत पत्नी, दोघी माहेरच्या त्सिन्सर, दूरच्या नात्यातल्या. नात्याने राजकारण चालत नाही, पण दोन्ही घरांत जाणं-येणं राहिलं आणि मॅक्लॉय यांच्याकडून काय येतंय याचा अंदाज आडेनाउअर यांना बहुतेक वेळा आधी लागायचा. एप्रिल १९५३ मध्ये ते पहिल्यांदा अमेरिकेला गेले. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत अनाम सैनिकाच्या समाधीवर त्यांनी पुष्पचक्र वाहिलं, तेव्हा जर्मनीचा ध्वज होता आणि जर्मन राष्ट्रगीत वाजलं. शरणागतीला पुरती आठ वर्षंही झाली नव्हती. १९४५ च्या सर्वनाशापासून तिथवरची वाट किती लांबची आणि खडतर होती, असं त्यांनी आठवणींत लिहिलंय. आयझेनहॉवर यांचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांच्यावर आडेनाउअर यांचा जितका विश्वास बसला तितका नंतर कुठल्याच अमेरिकन माणसावर बसला नाही. मे १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी सार्वभौम झाला आणि नाटोत गेला. मे १९५९ मध्ये डलेस कर्करोगाने गेले, आणि आडेनाउअर अंत्यविधीसाठी स्वतः वॉशिंग्टनला गेले.

पुढे केनेडी आले. वय ४३, आणि समोर ८५ वर्षांचे आडेनाउअर. दोघांचं सूत कधी जुळलंच नाही. पण मूळ अडचण वयाची नव्हती. जर्मनीचं एकीकरण हे आडेनाउअर यांच्यासाठी अमेरिकेने दिलेलं वचन होतं, आणि केनेडींना त्या वचनापायी अणुयुद्ध नको होतं. २५ जुलै १९६१ च्या भाषणात केनेडींनी बर्लिनबद्दल ठाम भूमिका घेतली. मात्र ते भाषण नीट वाचलंस तर दिसेल, की हमी दिलीय ती 'पश्चिम' बर्लिनची, म्हणजे चहूबाजूंनी पूर्व जर्मनीने वेढलेल्या शहराच्या पश्चिम भागाची: तिथलं सैन्य, तिथे जायची वाट आणि तिथल्या लोकांचं स्वातंत्र्य. पूर्व भागात काय करायचं ते करा, असं कुठे म्हटलेलं नाही, पण तसं वाचता येतं. मॉस्कोने तसंच वाचलं असावं, असं मला वाटतं. पाचच दिवसांनी सिनेटर फुलब्राइट दूरचित्रवाणीवर म्हणाले, की पूर्व जर्मन आपली सीमा बंद का करत नाहीत हेच मला कळत नाही.

१३ ऑगस्टच्या पहाटे ती बंद झाली. काटेरी तारा आल्या, मग विटा आल्या. वॉशिंग्टनमधून पहिले काही दिवस जवळजवळ शांतता. 'बिल्ड' वृत्तपत्राने १६ तारखेला मोठ्या अक्षरांत छापलं, की पश्चिम काहीच करत नाही. त्याच दिवशी पश्चिम बर्लिनचे महापौर विली ब्रांट यांनी केनेडींना पत्र लिहिलं: इथल्या लोकांचा तुमच्यावरचा विश्वास डळमळतोय, काहीतरी दिसेल असं करा. एका शहराच्या महापौराने अमेरिकेच्या अध्यक्षाला थेट, आणि तेही अशा सुरात लिहावं, हे केनेडींना आवडलं नाही. पण त्यांनी केलं ते बरोबर तेच, दिसेल असं. उपाध्यक्ष जॉन्सन यांना बर्लिनला धाडलं, सोबत लुशियस क्ले, म्हणजे १९४८-४९ मध्ये सोव्हिएतांनी जमिनीवरच्या वाटा अडवल्या तेव्हाच्या हवाई पुरवठ्यामुळे बर्लिनकरांच्या मनात घर केलेले जनरल. आणि १,५०० सैनिकांची तुकडी पूर्व जर्मनीतून जाणाऱ्या महामार्गाने पश्चिम बर्लिनकडे निघाली. २० ऑगस्टला ती पोचली तेव्हा स्वागताला जॉन्सन उभे होते. लष्करी दृष्ट्या १,५०० माणसं म्हणजे काहीच नाही. पण ती वाट अजून आपली आहे, हे लोकांना डोळ्यांनी बघायचं होतं.

या सगळ्यात आडेनाउअर कुठे होते? प्रचारात. सप्टेंबरमध्ये निवडणूक होती आणि प्रतिस्पर्धी होते ब्रांट. १४ ऑगस्टला, भिंतीच्या दुसऱ्या दिवशी, रेगेन्सबुर्गच्या सभेत त्यांनी ब्रांट यांच्या विवाहबाह्य जन्मावरून शेरा मारला. बर्लिनला ते २२ तारखेला गेले. जॉन्सन यांनी त्यांना आपल्याबरोबर न्यायला नकार दिला होता. मला आडेनाउअर यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, पण तो आठवडा त्यांना शोभला नाही. मतदारांनाही तसंच वाटलं, त्यांचं स्पष्ट बहुमत गेलं. पुढच्या वसंतात बर्लिनबद्दल मॉस्कोपुढे ठेवायचा अमेरिकन मसुदा बॉनला दाखवण्यात आला आणि तो वृत्तपत्रांत फुटला. केनेडी संतापले, आणि वॉशिंग्टनमधले जर्मन राजदूत विल्हेल्म ग्रेवे यांना परत बोलावावं लागलं. एका बाजूचं म्हणणं, आम्हाला उशिरा सांगता. दुसरीचं म्हणणं, सांगितलं की फोडता.

आता केनेडींचं बर्लिनचं भाषण. हे माझं आवडतं ठिकाण आहे, जरा रेंगाळू दे. त्याआधी जानेवारी १९६३ मध्ये आडेनाउअर आणि फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी फ्रान्स-जर्मनी मैत्रीचा करार केला होता. अमेरिकेला तो परस्पर केल्यासारखा वाटला. वॉशिंग्टनकडून दबाव आला, आणि जर्मन संसदेने मे महिन्यात कराराला मंजुरी देताना त्याला प्रस्तावना जोडली: अमेरिकेशी भागीदारी आणि नाटो यांना धक्का लागणार नाही. द गॉल यांच्या मते करारातला जीवच गेला. या पार्श्वभूमीवर जूनमध्ये केनेडी जर्मनीत आले. जर्मन जनतेला चॅन्सलर आणि द गॉल यांच्या डोक्यावरून थेट भेटणं, हाच त्या दौऱ्याचा हेतू होता.

२६ जून १९६३, शोनेबेर्गचा नगरभवन चौक, समोर लाखो माणसं. केनेडींना परभाषा जमत नसत. त्यांनी ब्रांट यांच्या कार्यालयात बसून वाक्यांचा सराव केला, आणि कार्डावर लाल शाईने उच्चार लिहून घेतले, आपण एखादं परक्या भाषेतलं नाव कानावर पडेल तसं लिहून घेतो तसे: 'इश बिन आइन बेअरलीनर', म्हणजे मी बर्लिनकर आहे. ते कार्ड जपून ठेवलेलं आहे. मला ते फार हृद्य वाटतं. जगातला सगळ्यात बलाढ्य माणूस शाळकरी मुलासारखा उच्चार लिहून घेतो, कारण समोरच्याच्या भाषेत ते वाक्य म्हणायचंच आहे.

आणि हो, 'केनेडी चुकून मी जॅमचा डोनट आहे असं म्हणाले आणि लोक हसले' ही गोष्ट तू ऐकली असशीलच. ती खोटी आहे. तो गोड पदार्थ जर्मनीच्या इतर भागांत 'बर्लिनर' म्हणून मिळतो, खुद्द बर्लिनमध्ये त्याला 'फानकूखन' म्हणतात. व्याकरणही बरोबर आहे. 'आइन' न लावता म्हटलं तर अर्थ होतो, मी बर्लिनचा रहिवासी आहे. 'आइन' लावून म्हटलं की अर्थ होतो, मी तुमच्यातलाच एक. केनेडींना तेच म्हणायचं होतं. लोक हसले ते पुढच्या वाक्याला. केनेडींचं जर्मन वाक्य दुभाषाने पुन्हा जर्मनमध्येच म्हटलं, तेव्हा केनेडींनी माझ्या जर्मनचं भाषांतर केल्याबद्दल त्याचे आभार मानले. त्या दुभाषाच्या जागी मी स्वतःला कितीदा तरी कल्पून पाहिलंय. वक्ता अचानक आपल्याच भाषेत येतो तेव्हा काय करायचं? त्याने केलं तेच, तेच वाक्य स्पष्ट, मोठ्याने, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं.

त्याच दुपारी केनेडींनी बर्लिनच्या 'फ्री युनिव्हर्सिटी'त दुसरं भाषण केलं, जे कोणी आठवत नाही. त्यात ते म्हणाले, की एकीकरण लवकर होणार नाही आणि सोपंही नसेल, जे आहे ते ओळखून पावलं टाकायला हवीत. ब्रांट यांचा निकटचा सहकारी एगॉन बार याने तीनच आठवड्यांनी टुट्झिंगच्या व्याख्यानात 'जवळिकीतून बदल' ही कल्पना मांडली. परीक्षेत चौकातल्या भाषणाबद्दल विचारतील. धोरण समजून घ्यायचं असेल तर दुपारचं भाषण वाच.

लुडविग एर्हार्ड यांच्यावर मात्र मला जरा सावकाश लिहायचंय, कारण त्यांना लोक विसरतात. जर्मन मार्क सावरणारा हा अर्थमंत्री ऑक्टोबर १९६३ मध्ये चॅन्सलर झाला. केनेडींच्या हत्येला पाच आठवडे झाले होते तेव्हा, डिसेंबरच्या शेवटी, नवे अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना टेक्ससमधल्या आपल्या घरी बोलावलं. त्या भागात जर्मन स्थलांतरितांची वस्ती शंभरहून अधिक वर्षांची, फ्रेडरिक्सबर्ग हे गाव त्यांनीच वसवलेलं. जेवण ठेवलं होतं स्टोनवॉल गावातल्या शाळेच्या व्यायामशाळेत. निखाऱ्यावर भाजलेलं मांस, व्हॅन क्लायबर्न यांचं पियानोवादन, आणि पाहुण्याला भेट म्हणून रुंद काठाची टेक्सन टोपी. एर्हार्ड भारावून गेले. हा माणूस आपला मित्र आहे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आणि तिथेच ते फसले. पश्चिम जर्मनीत अमेरिकेचं अडीच लाखांच्या आसपास सैन्य होतं, त्याच्या खर्चापायी डॉलर बाहेर जात होते. ते भरून काढायला जर्मनीने अमेरिकेकडून शस्त्रं विकत घ्यायची, असा करार १९६१ पासून चालू होता. १९६५ ते ६७ या दोन वर्षांसाठी आकडा होता सुमारे १३५ कोटी डॉलर. १९६६ मध्ये जर्मन अर्थसंकल्पात खड्डा पडला. सप्टेंबरमध्ये एर्हार्ड वॉशिंग्टनला गेले ते थोडी मुदत मागायला. जॉन्सन यांच्या मानेवर व्हिएतनामचा खर्च होता. त्यांनी मान हलवली नाही. ठरलेले पैसे द्या, एवढंच. एर्हार्ड रिकाम्या हाताने परतले. ऑक्टोबरच्या शेवटी करवाढीच्या वादावरून सहकारी पक्षाचे मंत्री बाहेर पडले, आणि ३० नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला. सरकार पडायला इतरही कारणं होती, पण वॉशिंग्टनहून हात हलवत आलेल्या चॅन्सलरला घरात कोणी भीत नाही की कोणी मोजत नाही. जॉन्सन यांची मैत्री खोटी होती असं मी म्हणणार नाही. मैत्रीवर काय काय लादता येतं, याचा हिशेब एर्हार्ड यांचा चुकला. पुढच्याच वर्षी बुंडेसबँकेचे, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्ष कार्ल ब्लेसिंग यांनी पत्र लिहून आश्वासन दिलं, की आम्ही आमच्याकडचे डॉलर अमेरिकेला देऊन सोनं मागणार नाही. सैन्य राहावं याची किंमत अशीही मोजली गेली.

१९६९ साली ब्रांट चॅन्सलर झाले आणि भीतीची दिशा उलटली. आता वॉशिंग्टनला काळजी. ब्रांट मॉस्को, वॉर्सा आणि पूर्व बर्लिनशी बोलणी करणार होते. पण त्यांनी एक गोष्ट अतिशय शहाणपणाने केली. सत्ता हातात येण्याआधीच, १३ ऑक्टोबरला, एगॉन बार वॉशिंग्टनला जाऊन अध्यक्ष निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांना भेटले. आम्ही काय करणार आहोत ते सांगायला आलोय, परवानगी मागायला नाही, असा त्या भेटीचा सूर होता. किसिंजर यांचा जन्म बव्हेरियातल्या फ्युर्टचा, १९३८ साली ज्यू कुटुंबासह पळून गेलेले. त्यांचा संशय गेला नाही, निक्सन यांचा तर मुळीच नाही. पण कल्पना नव्हती, असं त्यांना म्हणता आलं नाही. पुढे बार आणि किसिंजर यांच्यात दोन्हीकडच्या परराष्ट्र खात्यांना वळसा घालून गुप्त निरोप जात राहिले.

त्यातून ३ सप्टेंबर १९७१ चा बर्लिनविषयीचा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चार सत्तांचा करार आला. भाषेच्या माणसाने तो एकदा तरी बघावा. करार नेमका कशाबद्दल आहे यावरच एकमत नव्हतं, म्हणून एके ठिकाणी चक्क 'संबंधित क्षेत्र' असं म्हटलंय. अधिकृत मसुदे इंग्रजी, फ्रेंच आणि रशियन. जर्मन नाही! ज्या शहराबद्दल करार, त्याच्या भाषेला त्यात स्थान नव्हतं. मग दोन्ही जर्मन सरकारांनी आपापलं भाषांतर केलं. पश्चिम बर्लिन आणि पश्चिम जर्मनी यांच्यातल्या नात्यासाठी इंग्रजीत जो शब्द होता, त्याला बॉनने म्हटलं 'बिंडुंगेन', म्हणजे बंध, एकमेकांशी बांधलेले असणं. पूर्व बर्लिनने म्हटलं 'फेरबिंडुंगेन', म्हणजे जोडण्या: रस्ते, रेल्वे, टेलिफोन. एका उपसर्गात दोन देशांचं भांडण. माझ्या वर्गात मी हे उदाहरण दरवर्षी देते.

ब्रांट यांच्यानंतरचे चॅन्सलर हेल्मुट श्मिट आणि अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांचं जमलं नाही, हे सगळ्या पुस्तकांत असतं. श्मिट यांचं इंग्रजी उत्तम होतं, दुभाषा लागत नसे, तरी संबंध सगळ्यात वाईट. न्यूट्रॉन बॉम्बचं, म्हणजे स्फोटापेक्षा किरणोत्साराने माणसं मारणाऱ्या अणुबॉम्बचं, प्रकरण त्याच्या मुळाशी. हे शस्त्र युरोपात ठेवायला अमेरिकेला जर्मनीची संमती हवी होती. श्मिट यांच्या स्वतःच्या पक्षाचा त्याला कडाडून विरोध. त्यांनी स्वतःची पत पणाला लावून, एकट्या आमच्या भूमीवर नको, युरोपातल्या आणखी एखाद्या मित्रदेशातही ठेवा, अशी अट घालून, पक्षाला त्या वाटेवर आणलं. आणि एप्रिल १९७८ मध्ये कार्टर यांनी निर्मिती पुढे ढकलली. निर्णय नैतिक दृष्ट्या योग्य होता, असंही म्हणता येईल. पण श्मिट यांना घरच्यांसमोर तोंड दाखवायला जागा राहिली नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी जुलैत बॉनच्या आर्थिक परिषदेत दोघांनी मोठा सौदा केला: जर्मनीने आपली अर्थव्यवस्था जोरात चालवायची, अमेरिकेने तेलाच्या किमतींवरचं नियंत्रण काढायचं. दोघांनीही तो पाळला. आवडत नसलेल्या माणसाशीही काम होतं, ठरलेलं न मोडलं तर.

श्मिट यांच्यानंतर चॅन्सलर झालेले हेल्मुट कोल यांना इंग्रजी येत नव्हतं. नोव्हेंबर १९८३ मध्ये रस्त्यांवर लाखोंची निदर्शनं होऊनही त्यांनी अमेरिकेची पर्शिंग क्षेपणास्त्रं देशात आणू दिली. अध्यक्ष रेगन यांच्यावर ते ऋण होतं, आणि कोल यांनी ते वसूल केलं फार अवघड ठिकाणी. जून १९८४ मध्ये मित्रराष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीत उतरल्याच्या चाळिसाव्या स्मृतिदिनाला जर्मनीला निमंत्रण नव्हतं. सप्टेंबरात व्हर्दंला, पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर, फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ यांनी कोल यांचा हात हातात धरला. तसंच काहीतरी अमेरिकेबरोबर व्हावं, ही कोल यांची इच्छा. जागा ठरली बिटबुर्गची लष्करी दफनभूमी. रेगन यांची माणसं पाहणीला गेली तेव्हा थडग्यांवर बर्फ होतं. नंतर कळलं, की सुमारे दोन हजार थडग्यांमध्ये ४९ वाफेन-एसएसच्या, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ दलाच्या, सैनिकांची आहेत.

अमेरिकेत आगडोंब उसळला. रेगन यांनी त्या सैनिकांनाही नाझींचे बळी म्हणून तो आणखी भडकवला. १९ एप्रिल १९८५ रोजी छळछावणीतून वाचलेले एली विझेल यांनी व्हाइट हाउसमध्येच, कॅमेऱ्यांसमोर, अध्यक्षांना सांगितलं की ती जागा तुमची नाही, तुमची जागा एसएसच्या बळींशेजारी आहे. प्रतिनिधिगृहाने ३९० विरुद्ध २६ मतांनी भेट रद्द करायला सांगितलं. कोल मागे हटले नाहीत. भेट रद्द झाली तर आपलं सरकार पडेल, असं त्यांनी कळवलं. ५ मे रोजी रेगन आधी बेर्गेन-बेल्झनच्या छावणीत गेले आणि मग बिटबुर्गला. तिथे ते दहा मिनिटंही नव्हते. भाषण नाही. ९० वर्षांचे अमेरिकन जनरल रिजवे आणि युद्धात चेहरा जळालेले जर्मन वैमानिक श्टाइनहोफ यांनी हस्तांदोलन केलं.

मला विचारशील तर विझेल यांचं बरोबर होतं. कोल यांनी मित्राला अशा जागी न्यायला नको होतं, आणि कळल्यावर तरी जागा बदलायला हवी होती. पण कोल यांच्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला. सगळं जग विरोधात असताना या माणसाने दिलेला शब्द पाळला.

आता १९८९. ९ नोव्हेंबरला भिंत उघडली तेव्हा कोल वॉर्सात होते. २८ तारखेला त्यांनी संसदेत एकीकरणाचे दहा मुद्दे मांडले. मित्रराष्ट्रांना सांगितलं नव्हतं, स्वतःचे परराष्ट्रमंत्री गेन्शर यांनाही नाही. एकट्या अमेरिकेच्या अध्यक्षांना, थोरल्या बुश यांना, लांबलचक पत्र पाठवलं, तेही पोचेपर्यंत भाषण सुरू. म्हणजे या वेळी परस्पर केलं ते जर्मनाने. लंडन आणि पॅरिस भडकले. बुश यांच्या सल्लागारांनाही ते खटकलं. बुश यांनी मात्र तक्रारीचा सूर लावलाच नाही. ३ डिसेंबरला, माल्टाहून सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांना भेटून ते थेट ब्रसेल्सजवळ कोल यांच्याबरोबर जेवायला बसले आणि तिथे काय झालं ते स्वतः सांगितलं. १९६१ साली आडेनाउअर यांना जे कधी मिळालं नाही ते हे.

१३ फेब्रुवारी १९९० चा प्रसंग तर मला दुभाषा म्हणून फार शिकवून गेला. ओटावात परराष्ट्रमंत्र्यांनी 'दोन अधिक चार' ही चौकट ठरवली: दोन जर्मनी आणि चार विजेते. गेन्शर तिथे होतेच, त्यांची संमती होती. पण गेन्शर वेगळ्या पक्षाचे, आणि त्यांचं म्हणणं तेच कोल यांचं असेल याची बुश यांना खात्री नव्हती. म्हणून घोषणेआधी त्यांनी स्वतः कोल यांना दूरध्वनी करून विचारलं, हे तुम्हाला मान्य आहे ना? शंकेचं समाधान झालं नाही तेव्हा पुन्हा केला. प्रत्येक वाक्य दोनदा, मध्ये दुभाषा. अशा संभाषणाला दुप्पट वेळ लागतो, आणि त्या वेळात माणूस विचार करतो. 'मान्य आहे ना' हा प्रश्न इंग्रजीतून सहज उडवून लावता येतो, दुभाषामार्फत आला की नीट उत्तर द्यावं लागतं.

अकरा दिवसांनी कोल कॅम्प डेव्हिडला, अमेरिकन अध्यक्षांच्या विश्रामस्थानी, गेले. गेन्शर यांना बोलावलं नव्हतं. एकत्र झालेला जर्मनी नाटोत राहणार, यावर दोघांनी तिथे हात मिळवले. सोव्हिएतांनी अटी घालाव्यात हे बुश यांना मान्य नव्हतं. कोल म्हणाले, ते काहीतरी मोबदला मागतील. त्यावर बुश यांचं उत्तर होतं, की तुमचे खिसे खोल आहेत. पुढे खरोखरच जर्मनीने सोव्हिएत सैन्याच्या परतीपोटी १२ अब्ज मार्क आणि वर ३ अब्जांचं बिनव्याजी कर्ज दिलं. एका मुद्द्यावर मात्र कोल यांनी तिथेही टाळाटाळ केली: पोलंडची सीमा. पूर्वेतून हाकललेल्या जर्मनांची मतं त्यांना जपायची होती. पत्रकार परिषदेत बुश यांनी शेजारी उभं राहून सांगितलं, की अमेरिका आजची जर्मन-पोलिश सीमा मानते. मित्राची भूमिका त्यांनी खोडली नाही, आपली मात्र लपवलीही नाही. एका विषयावर दोन देश वेगळं बोलताहेत आणि कोणी रुसलेलं नाही, हे त्या नात्यातलं मला सगळ्यात आवडलेलं चित्र आहे.

शेवटचा अडथळा एका शब्दाचा होता. १२ सप्टेंबरला मॉस्कोत सह्या व्हायच्या होत्या. आदल्या रात्री वाद पेटला: सोव्हिएत सैन्य गेल्यावर नाटोचं परदेशी सैन्य पूर्व जर्मनीत 'तैनात' होणार नाही, हे ठरलेलं. पण सरावासाठी त्याने रेषा ओलांडली तर ती तैनाती का? ब्रिटनला मुभा हवी होती, सोव्हिएत बाजू सही टाळायला निघाली. गेन्शर मध्यरात्रीनंतर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बेकर यांच्या हॉटेलवर गेले आणि त्यांना झोपेतून उठवलं. सकाळी तोडगा निघाला. कराराला एक टिपण जोडलं: 'तैनात' या शब्दाबद्दल प्रश्न उद्भवला तर त्याचा निर्णय एकत्रित जर्मनीचं सरकार घेईल, सगळ्यांच्या सुरक्षेचा विचार करून. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, सोव्हिएत संघ आणि दोन्ही जर्मनी, सगळ्यांनी त्याखाली सह्या केल्या. त्या करारात शेवटी लिहिलंय, की जर्मन, इंग्रजी, फ्रेंच आणि रशियन हे चारही मसुदे सारखेच प्रमाण आहेत. या वेळी यादीत जर्मनही आहे.